अंतराळवीराचा ‘ण’

आमच्या सिनेमातल्या अंतराळवीराचं तोंड एकदाही दिसत नाही. बघणाऱ्यांनी पुढे त्याचे नाना अर्थ लावले. एका गृहस्थांनी तर ‘चेहरा हरवलेला उद्याचा माणूस’ वगैरे ऐकवून मला गार केलं होतं. खरं कारण अगदीच साधं होतं. फिल्मवर आवाज चढवायची आमची ऐपत नव्हती. फिल्म मुकी आणि आवाज वेगळ्या कॅसेटवर. प्रोजेक्टर आणि टेपरेकॉर्डर एकाच क्षणी सुरू करायचे आणि देवाचं नाव घ्यायचं. दहा मिनिटांत दोघांची फारकत व्हायची. ओठ आधी हलले आणि शब्द मागाहून आले तर लोक हसणार, म्हणून ओठच नकोत असं मी ठरवलं. स्कूटरचं हेल्मेट आणलं, त्याच्या काचेवर काळा रंग फासला आणि बघण्यापुरती एक फट ठेवली.

त्या हेल्मेटच्या आत माझा मित्र होता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. गिरणी बंद पडून वडील घरी बसले होते आणि मी घाटकोपरला एका छापखान्यात प्रुफं तपासत होतो. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, जे येईल ते. मित्र तिथंच कंपोझिटर होता. माझ्या टेबलासमोर त्याची शिशाच्या अक्षरखिळ्यांची केस. डोळे मजकुरावर, हात खिळ्यांवर. कुठल्या खणात कुठलं अक्षर आहे ते त्याला बघावं लागत नसे. त्यानं जुळवलेल्या मजकुराच्या गॅलीत मला चूक सापडली तर ती बहुतेक त्यानं मुद्दाम सोडलेली असायची. एकदा एका लग्नपत्रिकेत त्यानं ‘आहेर आणू नये’च्या जागी ‘आहेर आणू या’ जुळवलं होतं आणि मी लाल पेन टेकवेपर्यंत तोंड दाबून उभा होता.

तो राहायला गोवंडीला, कचऱ्याच्या डोंगराच्या अंगाला. त्याचे आईवडील मराठवाड्यातून आलेले. वडील गेले, मग आईनं एकटीनं त्याला वाढवलं. बोलायचा तो आमच्यासारखंच, मुंबईचं, फटकळ; फक्त त्याच्या बोलण्यात ‘ण’ नव्हता. कोन, पन, पानी. हातानं मात्र तो ‘ण’चा खिळा बिनचूक उचलायचा. मी एकदा चिडवलं तर म्हणाला, “तो माझ्या हातात आहे रे, जिभंवर नाय.”

आता माझं सांगतो. आमच्या घरी मालवणी. शाळेत पहिल्या आठवड्यात मी बाईंना “दप्तर खय ठेवू?” असं विचारलं आणि पुढची तीन वर्षं वर्गात माझं नाव ‘खयखय’ होतं. मी ते मनाला फार लावून घेतलं. वर्तमानपत्रं मोठ्यानं वाचून, रेडिओवरच्या बातम्या म्हणून म्हणून मी जीभ घासूनपुसून घेतली. घरी आई मालवणीत बोलायची आणि मी पुस्तकी मराठीत उत्तरं द्यायचो. तिला कसं वाटत असेल हा विचार तेव्हा मनात आला नाही. प्रुफं तपासायची नोकरी मला मिळाली ती या शुद्धपणाच्या जोरावर, आणि त्याचा मला गर्व होता. हे सगळं आधीच सांगतोय, कारण पुढे जे केलं त्याला दुसरं काही कारण नाही.

सिनेमाची गोष्ट मी लिहिली होती. पृथ्वीवरचं पाणी संपलंय. एक माणूस पाणी शोधायला एकटाच दुसऱ्या ग्रहावर जातो. कोरड्या जमिनीवर चालत राहतो आणि चालता चालता पृथ्वीला निरोप धाडत राहतो. शेवटी त्याला पाणी सापडतं. तो ते पृथ्वीला कळवतो, पण पलीकडून उत्तर येत नाही, कारण तिथं आता कोणी उरलेलं नाही. मुलुंडला फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या एका ओळखीच्याकडे जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता आणि जाहिरातवाल्यांकडून उरलेले फिल्मचे तुकडे तो मिळवू शकत होता. तो, मित्र आणि मी, एवढेच आम्ही. यानाच्या भिंतींना चहाच्या खोक्यांतली चंदेरी पन्नी लावली. बटणं म्हणून पंख्याचे रेग्युलेटर आणि कुकरच्या शिट्ट्या.

परका ग्रह कुठं शोधायचा हा प्रश्न मित्रानंच सोडवला. “माझ्या घराच्या मागं चल,” तो म्हणाला. कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी खाडीकडे उतरत गेलेली भेगाळलेली, राखाडी जमीन. आम्ही सात-आठ रविवार तिथं शूटिंग केलं. मे महिन्यात ते हेल्मेट आणि पन्नीचा पोशाख घालून तो ग्रहावर चालायचा, आणि शॉट संपला की आम्ही त्याच्या घरी जाऊन बसायचो. नळाला पाणी कधीही यायचं, कधी यायचंच नाही, पण माठ भरलेला असायचा. उंबऱ्यातूनच तो ओरडायचा, “आये, ह्याला पानी दे गं, नायतर मरंल इथंच!” आणि त्याची आई हसत हसत तांब्या घेऊन यायची. आमच्या घरी तो फारसा यायचा नाही. का येत नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

आवाजाचं रेकॉर्डिंग छापखान्यात केलं. रविवारची सुट्टी, यंत्रं बंद. रस्त्याचा गलका आत येऊ नये म्हणून कागदाच्या रिमांची भिंत रचून आम्ही आत बसलो. त्या दिवशी तो सकाळपासून पाण्याचा थेंब प्यायला नव्हता. घसा सुकलेला पाहिजे, तर तो शब्द खरा येईल असं त्याचं म्हणणं. दुपारी तीनला आम्ही शेवटाकडे आलो. त्यानं डोळे मिटले आणि तो म्हणाला, “पानी.”

माझ्या अंगावर काटा आला. आणि दुसऱ्याच क्षणी माझ्यातला प्रुफवाला जागा झाला.

“पाणी म्हण,” मी म्हणालो.

“पानी.”

“पाणी. जीभ वर टाळूला लाव. ण.”

त्यानं प्रयत्न केला. ‘पान्णी’ झालं, ‘पाडी’ झालं, आम्ही दोघंही हसलो. मग पुन्हा. मग पुन्हा. दहाव्या-बाराव्या वेळेनंतर तो हसायचा थांबला. “असू दे ना यार,” तो म्हणाला, “माझा अंतराळवीर पानीच म्हननार. त्याला तहान लागलीय. त्याला तुझं व्याकरन कशाला?” मी म्हणालो, बरं, राहू दे. मग त्यानं मडक्यातलं पाणी घेतलं आणि गटागटा दोन ग्लास संपवले.

पुढच्या रविवारी मी एकटाच छापखान्यात गेलो. पुन्हा रिमांची भिंत रचली आणि अंतराळवीराचे सगळे संवाद माझ्या आवाजात म्हटले. कॅसेट तीच होती. त्याच्या आवाजावर माझा आवाज चढत गेला आणि त्याचा पुसला गेला. चांगली कॅसेट एकच होती, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरी आणणं काही अशक्य नव्हतं. मूळ आवाज शिल्लक राहिला तर मला टोचत राहील, म्हणूनच मी तो पुसला असणार. सिनेमा घाटकोपरला शाळेच्या हॉलमध्ये दाखवायचा होता. पुस्तकं वाचणारी, नाटकं बघणारी मंडळी येणार होती. अंतराळवीर ‘पानी’ म्हणाला तर ती हसतील. त्याला नाही, मला हसतील. त्या हॉलमध्ये मी परत खयखय होईन, ही माझी भीती होती.

मग निदान त्याला सांगावं की नाही? आठ दिवस तो माझ्यासमोर चार हातांवर खिळे जुळवत होता. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. त्यातच एक दिवस तो म्हणाला, “आईला सांगून ठेवलंय. तोंड दिसनार नाय, पन आवाज ऐक. आवाजावरनं वळखशील.” मी प्रुफावर मान घातली आणि “हो का, वा,” असं काहीतरी पुटपुटलो.

रविवारी सकाळी हॉलच्या खिडक्यांना काळे कागद चिकटवले. दीडेकशे माणसं आली. पुढे छापखान्याचे मालक आणि त्यांचे परिचित, मध्ये आसपासच्या चाळींतले लोक, मागे टगी पोरं. मित्राची आई तिसऱ्या रांगेत बसली होती. ठेवणीतलं निळं पातळ, सोबत शेजारच्या दोन बायका. मित्र तिच्या शेजारी. मी मागे टेपरेकॉर्डरपाशी आणि स्टुडिओवाला प्रोजेक्टरपाशी.

व्हिडिओवर परदेशी सिनेमे बघून लोकांची नजर तेव्हा सरावली होती. पहिल्या पाच मिनिटांतच आमची वाट लागली. “ए, ती कुकरची शिट्टी बघ!” “यान आहे की फरसाणचा डबा रे?” यान धूळ उडवत खाली टेकलं आणि मागून एक जण ओरडला, “चला, गोवंडी आलं, उतरा!” सगळा हॉल फुटला. मालकसुद्धा हसले. माझे कान तापले. पण तिसऱ्या रांगेतून मला मित्राच्या आईचा आवाज ऐकू आला. ती शेजारणीला अभिमानानं सांगत होती, “आमच्या मागचीच जागा हाय ती. तिथंच घेतलाय.”

मग अंतराळवीर बोलू लागला. “मी उतरलो आहे. इथली जमीन कोरडी आहे.” माझा आवाज. बातम्या वाचल्यासारखा, गुळगुळीत.

मला मित्राची पाठ दिसत होती. ती ताठ झाली. त्यानं मागं वळून बघितलं नाही. आई त्याच्याकडे झुकून काहीतरी बोलली, त्यानं नुसती मान हलवली. ती पुन्हा सरळ बसून पडद्याकडे बघू लागली. पुढचा अर्धा तास मी पडदा बघितलाच नाही. तिच्याकडेच बघत होतो. ती एवढं लक्ष देऊन का बघतेय ते मला कळत नव्हतं.

हळूहळू हॉल शांत होत गेला. लोकांना गोष्ट लागली होती. अंतराळवीर गुडघ्यांवर बसला, हातमोजा काढला आणि ओल्या मातीत हात घातला. “पाणी,” माझा आवाज म्हणाला. ‘ण’ लखलखीत. एक जण टाळी वाजवायला लागला आणि मग सगळा हॉल. ज्या टाळीसाठी मी दोन वर्षं झुरलो ती मिळाली, आणि मला ती ऐकवेना. “पृथ्वी, ऐकतेस का? कोणी आहे का?” हा प्रश्न तीन वेळा. हॉलमध्ये कोणी खोकललंसुद्धा नाही. फिल्म संपली. कोणीतरी कागद फाडून खिडकी उघडली आणि दिवसाचा उजेड आत आला.

मालक माझ्याकडे आले, खांद्यावर हात ठेवला. “बाकी सगळं ठीकच, पण अंतराळवीराचं मराठी काय स्वच्छ आहे हो! कोणाचा आवाज?” स्वच्छ, हाच शब्द त्यांनी वापरला. मित्र दोन पावलांवर उभा होता. त्याच्या आईनं त्याची बाही धरली होती. ती गोंधळून रिकाम्या पडद्याकडे बघत होती.

“संपला?” तिनं विचारलं. “अन् तू कवा येनार व्हतास?”

म्हणजे सबंध वेळ ती त्याची वाट बघत होती. आवाज त्याचा नाही, म्हणजे हेल्मेटवाला तो नाही. तो मागाहून येईल, असं समजून ती पाऊण तास एकटक बघत बसली होती.

“मी होतो ना आये,” तो म्हणाला. “आत होतो.”

“आवाज तुझा न्हवता.”

“नाय. आवाज ह्याचा होता.” त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. त्यात राग नव्हता. शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मालक बाहेर गेले.

मग त्यानं मला विचारलं, “माझी टेप कुठाय?”

“तीच आहे. त्याच्यावरच…”

“पुसलीस?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला आणि आईला घेऊन निघून गेला. त्यानं माझ्या कानाखाली दोन वाजवल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात छापखान्यात त्याच्या गॅलीत एकही चूक नव्हती. चेष्टेची नाही, खरी नाही. मी लाल पेन घेऊन नुसता बसून असायचो. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तो म्हणाला, “काम आहे रे.” शनिवारी मात्र तो स्वतः टेबलापाशी आला. दुसरा खेळ गोवंडीला त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहारात करायचं आधीच ठरलेलं होतं. मी धरून चाललो होतो की तो आता रद्द. “लोकांना शब्द दिलाय,” तो म्हणाला. “मशीन घेऊन या दोघं.”

रविवारी सकाळची वंदना झाल्यावर विहाराच्या खिडक्यांना वस्तीतल्या गोधड्या बांधल्या. दोन-अडीचशे माणसं खाली दाटीवाटीनं बसली. मी टेपरेकॉर्डर मांडला. मित्र आला, त्यानं प्लग काढला आणि वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. “हे नको,” एवढंच म्हणाला. मग तो पडद्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. हेल्मेट नाही, पन्नी नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट. पडद्यावरून परतणाऱ्या उजेडात त्याचं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

यान उतरलं. “उतरलो बाबा एकदाचा,” तो म्हणाला, आणि विहार खदखदून हसला. हे हसणं वेगळं होतं. “अरे, ही तर आपली जागा!” “ते बघ, मावशीचं घर त्या बाजूला!” माझे लिहिलेले संवाद त्यानं अर्धे टाकून दिले. अंतराळवीर चालताना बडबडत होता, ऊन किती, पाय कसे भाजतात, घरी आई एकटी आहे. तो गुडघ्यांवर बसला तेव्हा मात्र मित्र गप्प झाला. पडद्यावरचा हात मातीत गेला. कडेला उभ्या असलेल्या माणसानं डोळे मिटले, रिमांच्या भिंतीआड मिटले होते तसे.

“पानी.”

“कुठल्या नळाला रे?” एक बाई ओरडली आणि हशा उसळला. तो ओसरल्यावर मित्र हळूच पुन्हा म्हणाला, “पानी.” आता कोणी हसलं नाही. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. पाणी या शब्दात त्या माणसांच्या पिढ्यांचं काय काय गेलंय, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणालो तर ते खोटं होईल. ठाऊक होतं. तरी मी त्या शब्दाची जीभ टाळूला लावायला निघालो होतो.

“पृथ्वी, ऐकती का? कोनी हाय का तिथं?”

“हाय! आमी हाय!” पोरं ओरडली. मग बाया, मग सगळेच. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं, तर आवाज दुप्पट झाला. माझ्या सिनेमाचा शेवट पार मोडला. पृथ्वीवर कोणी नाही, हा सगळा मुद्दाच वाहून गेला. त्या सिनेमाचे पुढे आणखी चार-पाच खेळ झाले, पण असा पुन्हा झाला नाही. मी कोपऱ्यात ती वायर हातात धरून बसलो होतो आणि मला रडू येत होतं. त्याची आई उभी राहून शेजारणींना सांगत होती, “माहा लेक. आवाज ऐकला का? माहा लेक हाय त्यो.”

खेळ संपल्यावर सामान आवरून आम्ही त्याच्या घरावरून निघालो. मला वाटलं, आता सगळं मिटलं. त्याला त्याचा आवाज मिळाला, मला माझी शिक्षा मिळाली. उंबऱ्याशी मी थांबलो आणि म्हणालो, “माझं चुकलं रे.” त्यानं ऐकून घेतलं. “या ना, बसा,” म्हणाला. ते ‘बसा’ स्टुडिओवाल्यालाही असेल, असं मला वाटलं. आम्ही आत जाऊन बसलो. तोच माठ, तोच तांब्या. स्टुडिओवाला घाम पुसत म्हणाला, त्याला नको, तो बाहेर पिऊन आलाय. मी वाट बघत होतो त्या ओरडण्याची.

मित्र ओरडला नाही. आईकडे वळून, शब्द एकेक करून, खिळे जुळवल्यासारखा म्हणाला, “आई, ह्यांना पाणी द्या.”

‘ण’ अगदी जिथल्या तिथं होता. त्या वाक्यात मला काढता येण्यासारखी एकही चूक नव्हती.